मागचा मालक

गिरीपेठ आरटीओ. खिडकी सात.
दुरुगकर साहेब म्हणतात, मागच्या मालकाचं नाव लिहा.
रकाना एकच, तोही बोटभर.

इंजिन कामठीच्या लिलावातलं,
पावतीवर नुसतं : भंगार, नग एक, किलो बावन्न.
सांगाडा मोमिनपुऱ्यात, शम्सूभाईच्या गच्चीवर,
त्याच्यावर चादरी वाळायच्या.
टाकी खापरखेड्याच्या नलूताई वासनिकांची.
नवऱ्यामागं पोरींनी तिचा गल्ला केला होता.
"पैसे नको. चालू झाली का आवाज ऐकवजो."
पुढचं चाक कुठलं, आठवत नाही. खरंच.

"चोरीची नाही कशावरून?"
शंभराच्या स्टॅम्पवर लिहून देलं ना, साहेब.
"आणि बनली कधी?"
हिंगण्याच्या लेथवर अकरा वर्षं
रात्रपाळी सुटली की एकेक बुश कातला.
कोणती तारीख टाकू?

शेवटी ते उन्हात आले. मे महिना,
लोखंडाला बोट लागेना.
नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली.
काळ्यातून आकडे उगवले :
सात, तीन, मग एक गंजलेला.
"पाच," मी म्हणालो.
"आठ," साहेब म्हणाले, आणि आठ लिहिला.
बुधवारी या.

तोवर रस्त्यावर काढायची नाही.
दारातच किक मारली, चौथीला धरली,
खापरखेड्याला फोन लावून
मोबाईल टाकीजवळ नेला.

पलीकडं बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग नलूताई :
"चाराना राहिला वाटते आत.
वाजून राहिला ना."