फॉल्कर्कचं चाक

खालच्या हौदात बोट शिरते
आणि तिच्याच वजनाचं पाणी
मुकाट्यानं बाहेर पडतं.
वरच्या हौदात आज बोटच नाही, नुसतं पाणी,
तरी चाकाला दोन्ही बाजू सारख्या.
"आठ किटल्या उकळतील एवढीच वीज लागते,"
तिकीट फाडताना युअन सांगतो.
दिवसातून किती वेळा सांगत असेल,
तरी किटल्यांशी येऊन हसतो.

शेजारी नलूवन्सं, कानटोपी घट्ट ओढून,
मांडीवर थालीपिठांचा डबा.

मी ग्रेंजमथला आले त्या आठवड्यात
वन्संनी माडीवरची खोली रिकामी केली.
शिलाई मशीन, रेडिओ, खिडकीतली कोथिंबीर.
स्टर्लिंगला नोकरी लागलीय, म्हणाल्या.
लागली नव्हती. ती लागली पुढच्या मार्चात.
घरात ताटं तेवढीच राहिली, चहाचं आधणही,
आणि मी अकरा वर्षं समजत होते
की इथं मी तरंगले
ती माझ्या अंगच्या हलकेपणानं.

लोखंड तरंगतं ते हलकं असतं म्हणून नाही,
शाळेत पाठ केलं होतं, दोन मार्कांना.
बाजूला सारलेलं पाणीच
खालून हात लावून असतं.

दार लागलं. चाक फिरू लागलं,
पेल्यातला चहासुद्धा हिंदकळला नाही.
रिफायनरीचा धूर हळूहळू आमच्या उंचीला आला.
काहीतरी बोलायचं होतं मला.
"लोणचं आणलंयस का?" वन्संनी विचारलं.
बाक अरुंद होता.
मी सरकले,
त्याही सरकल्या.