मूळ नोंद

दफनभूमीच्या कचेरीत तीन टेबलं आहेत.
एक साल्मेचं: त्यावर चाव्या, पावत्या, काळ्या पावाचे कण.
उरलेली दोन माझ्या संगणकात,
'व्यक्ती' आणि 'मृत'.

एंडेलने बांधलेली. अठरा वर्षांपूर्वी,
वादळात फेरी बंद पडली की
सारेमा बेटावर सल्ला विचारायलाही कुणी नसतं, तेव्हा.

'मृत' हा 'व्यक्ती'चा वारस.
नाव, जन्मगाव, जन्मतारीख, सगळं बापाच्या घरात.
पोराच्या पदरात फक्त
गेल्याची तारीख, ओळ, जागा
आणि बापाकडे बोट दाखवणारा एक क्रमांक.
कुठल्याही मृताला हाक मारा,
आधी व्यक्तीला उठवावं लागतं.

म्हणून पान हळू उघडतं.
नवी होते तेव्हा मी कुरकुरले:
इतके जोड कशाला?
बाप अमूर्तच ठेवू या ना,
पोरांना गुण देऊन स्वतः कुठेच न राहणारा,
ना घर, ना उंबरा.
एंडेल चहा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.
"मग जो अजून मेलेला नाही
तो कुठे राहील, लीलो?
पाइनखाली दंताळं घेऊन वाळू सारखी करणारी ती बाई,
देखभालीचे पैसे भरणारे, फुलं आणणारे?
माणूस आधी व्यक्ती असतो.
मृत हे त्याला नंतर जोडायचं."

मार्चमध्ये एंडेल गेला.
साल्मेने अर्ज माझ्या कीबोर्डवर ठेवला
आणि खिडकी पुसायला घेतली, जी स्वच्छ होती.

व्यक्ती, क्रमांक ४१७.
मी नेहमीसारखं आधी चाचणीच्या प्रतीवर केलं:
नवा 'मृत', क्रमांक तोच,
तारीख, ओळ सात, जागा चार. जतन.

मग बापाचं घर उघडून पाहिलं.
नाव कोरं.
जन्मगाव कोरं.
पोर रिकाम्या हातांनी जन्मलं होतं
आणि जन्मल्या जन्मल्या बापाच्या घरात शिरून
खोलीखोलीत आपलं रिकामपण मांडून आलं होतं.
यंत्राचं काही चुकलं नाही.
एंडेल कोण, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.
गेला, एवढंच सांगितलं होतं.

दुपारभर त्याच्या जुन्या फाइली उपसल्या.
एका फंक्शनच्या डोक्यावर, नको इतक्या मोकळ्या जागेत,
एक टीप:
'आधी व्यक्तीकडचं सगळं उचलून घे.
मगच जतन कर.'
आणि खाली, कारण न देता, २०३.

२०३ उघडलं.
त्याची आई.
नाव आहे, गाव आहे, तारीख आहे.
बदलाच्या इतिहासात मात्र
एका नोव्हेंबरच्या रात्री अकरा मिनिटं
तिला नाव नव्हतं.

मी एकेक रकाना उचलला.
नाव. मधलं नाव, जे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.
जन्मगाव: समुद्राकडचं एक खेडं, जुनिपर आणि दगडी कुंपणं,
आता तिथे तीन घरं आहेत म्हणे.
सगळं पोराच्या ओंजळीत घातलं
आणि मग जतन केलं, खऱ्या प्रतीवर.
दोन्ही घरांत दिवा लागला.

साल्मे मागे येऊन उभी होती.
"पान हळू उघडतंय," ती म्हणाली.
"हो," म्हटलं, "त्याला उठायला वेळ लागतो."

एक गोष्ट राहिलीच.
व्यक्ती ४१७ अजून आहे, आणि राहीलच;
२०३च्या जागेचे पैसे तोच भरतो.
जानेवारीत पत्र त्याच्याच पत्त्यावर निघेल.
'वारस' नावाचा रकाना आहे तिथे.
ज्याने तो बनवला
त्याने स्वतःचा कधी भरला नव्हता.

साल्मेने चाव्या उचलल्या, दाराशी थांबली,
कोपऱ्यातलं दंताळं घेतलं.
"माझा क्रमांक काय गं?" तिने विचारलं.
मी शोधायला घेतला.