फेरी क्रमांक चार

लॅमिनेट केलेल्या कार्डावर
मुंबई सहा तुकड्यांत कापलेली:
घारापुरी, लाँचसह. कान्हेरी, पाणी आपापलं.
धारावी दोन तास, फोटो काढू नयेत.

वन्संनी चष्मा पुसला. म्हणाल्या,
तू इथलीच ना गं, तूच सांग.

मी मुलुंडची. तेहेतीस वर्षं.
यातलं एकही पाहिलेलं नाही,
हे त्यांना कशाला सांगू?
बोट ठेवलं चारावर:
पहाटेचा ससून डॉक,
चहा धरून साडेसातशे.

गाइड कोळंबीचा भाव इंग्रजीत समजावत होता.
सोलता सोलता एकीनं मान वर केली,
'बघून झाला का, बाय?
आता तुमचे घरा कवा येव
बगाला?'

वन्सं हसल्या
आणि पत्ता सांगू लागल्या,
माझाच,
पिन कोडसकट.