ठराव क्रमांक नऊ

कन्नमवार नगरातल्या आमच्या बिल्डिंगला एक डक्ट आहे,
न्हाणीघरांच्या पाठीला पाठ लावून उभा.
प्लंबरशिवाय कुणी त्यात डोकावत नाही.
त्यातून काय काय वर येतं:
जिरगेंचं पहाटेचं खाकरणं,
कुणाच्या तरी गीझरची गुरगुर, बोंबलाची फोडणी,
आणि रात्री सव्वाबाराला
देवरुखकरांची सिगारेट.

ती आधी चारशे दोनमध्ये थांबते,
मग पाचशे दोनमध्ये, टॉवेलात शिरते,
मग सहाशे दोन.
तिथे तिरलोटकरांचा रेवण झोपतो, वय वर्षं चार,
तोंडावर नेब्युलायझरचा मास्क, मास्कला हत्तीची सोंड.
त्याची आई मला म्हणाली,
सेक्रेटरी तुम्ही, तुम्हीच सांगा,
धूम्रपान म्हणजे धूर पिणं ना?
मग प्यायला कोण बसलंय?

बावीस वर्षं ऑफिसात पत्रंच लिहिली मी,
तरी त्या नोटिशीला चार रात्री लागल्या.
'सक्त मनाई' लिहिलं, खोडलं.
'नम्र विनंती' लिहिलं, ते मलाच हसलं.
माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ आली, लिफ्ट बंद होती,
तेव्हा देवरुखकरांनी त्याला खुर्चीत बसवून
पाच मजले खाली नेलं होतं.
हे कोणत्या कलमात घालायचं?

सभा गच्चीवर, टाकीच्या सावलीत.
माझ्या घरात माझी मर्जी, देवरुखकर म्हणाले.
घर तुमचं, धूर कुणाचा? जिरगेबाई म्हणाल्या.
चहा आला म्हणून भांडण जरा थांबलं.
मग तेच उठले.
ही गेल्यापासून रात्र फार लांब लागते, म्हणाले.
कुठे ओढू तेवढं सांगा. जाईन मी.

एकतीस विरुद्ध चार.
जागा ठरली: पंपरूमच्या मागे, गेटच्या आत.
एक बाकडं, वाळू भरलेला रंगाचा डबा.

डक्टमधून आता नुसता ओल्या सिमेंटचा वास येतो.
रेवणचा हत्ती कपाटावर जाऊन बसलाय.
लोक मला जिन्यात थांबवून छान झालं म्हणतात.

परवा लग्नाहून उशिरा आले, बारा वीस.
पंपरूमच्या भिंतीला लागून वॉचमनची केबिन,
चार बाय चार, तिला एकच खिडकी,
आणि ती उघडते नेमकी बाकड्यावर.
नकाशा मीच पाहिला होता.
खिडकी नव्हती पाहिली.
आत माणिक घुगे, जिंतूरचा,
जन्मात विडीला हात न लावलेला.
सभेच्या खुर्च्या त्यानेच मांडल्या होत्या.
हात वर करायचा प्रश्न नव्हता,
त्याचा फ्लॅट नंबर काय?

घुगे, खिडकी लावून घेत जा, मी म्हणाले.
तो खोकत हसला.
"ऱ्हाऊ द्या म्याडम. खिडकी लावली
तर साहेब बोलतील कुणासंगं?"

देवरुखकर सिगारेट तळव्यात लपवून
शाळेतल्या पोरासारखे उभे.
मी काही बोलले नाही. बाकड्याचं एक टोक धरलं.
त्यांनी दुसरं.
घुगेने डबा उचलला.
बारा पावलं, थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत,
माझी जरीची साडी बाकड्याच्या खिळ्याला अडकली तेवढीच.

"इथून ऐकू येईल का रे?" देवरुखकरांनी विचारलं.
घुगेने केबिनमधून स्टूल आणलं,
बोट ओलं करून हवेत धरलं,
वारा पाठीशी घेऊन बसला
आणि म्हणाला,
हां, बोला.