कडेची रेघ

आज बोगोया. तोडल्यापासून पाचवा दिवस.
केळं आडवं कापायचं, चकती आयोडीनमध्ये बुडवायची,
मिनिटभर थांबायचं.
जिथे अजून पिष्ट आहे तिथे रात्र पडते,
जिथे साखर झाली तिथे उजाडलेलं असतं.
उजाडतं ते गाभ्यातून.
साल पिवळी झालेली सगळ्यांना दिसते,
कडेचा अंधार फक्त मला.

शेजारच्या ताटलीत गोंजा.
साल काळी ठिक्कर, आणि आत अजून पिष्ट धरून बसलेलं,
उकडल्याशिवाय ऐकायचं नाही कुणाचं.

आणि म्बिद्दे, दारूचं केळं. कच्चं चाखलं तर जीभ टाळूला चिकटते.
पिकताना त्याचा तुरटपणा कुठे जात नाही.
त्याचे कण एकमेकांचे हात धरतात,
धरत धरत इतके मोठे होतात
की जिभेच्या हाती लागत नाहीत.

सेन्टोंगोमामाला हे सगळं येतं, नावं सोडून.
तो खड्डा खणायचा, वाळक्या पानांची आढी लावायचा,
घड रचायचा, वर माती,
आणि एका भोकातून आत धूर सोडायचा. चार दिवस.
मी म्हटलं, मामा, धुरात इथिलीन असतं,
तेच पिकवतं.
म्हणाला, असेल. मीही तेच घालतो.

या वर्षी खड्डा बुजवलेला.
मसाकाच्या इस्पितळात मामाची दोन बोटं गेली, डाव्या पायाची.
शुक्रवारी माझ्या दारापाशी बाकावर येऊन बसतो,
काठी भिंतीला टेकवून.
नालवांगा, कितव्या दिवसापर्यंतचं चालेल मला?
मी तक्ता काढला.
पहिल्या दिवशी शंभरात वीस भाग पिष्ट,
सातव्या दिवशी उरलं तर एखादा भाग, बाकी साखर.
म्हणजे पहिल्या दिवशीचं उकडून खाऊ, तो म्हणाला.
मग खरं सांगावं लागलं:
पोटात गेल्यावर पिष्टाचीही साखरच होते,
फक्त सावकाश.

बराच वेळ तो पायाच्या पट्टीकडे बघत राहिला.
म्हणजे आता आढी मीच,
असं म्हणून हसला. मला हसता आलं नाही.

दुपारी तिसरी पेटी उघडली.
आत जाऊन बघायच्या आधीच
बाकावरून आवाज आला: सुकाली न्डीझी. आजचीच.
उद्या उशीर होईल.
मी कापलं. काळी रेघ होती कडेला,
नखाएवढी, सालीलगत.
वहीत लिहिलं: सहावा दिवस, रेघ शिल्लक.
न बुडवलेला अर्धा भाग
वजनासाठी टेबलावर ठेवला
आणि हात धुवायला गेले. जरा जास्तच वेळ धुतले.

आले तेव्हा ताटलीत साल होती,
चार घड्या घालून नीट ठेवलेली.
बाकावर काठी नव्हती.

वजनाच्या रकान्यात मी लिहिलं,
नमुना अपुरा.