तीनशे एक

पार्नूच्या लोकरगिरणीत, रंगाच्या पिंपांमागच्या खोलीत
लेइडा दर नव्वद दिवसांनी
एका मेलेल्या नावाचं प्रमाणपत्र नवं करते.

गिरणी विकली गेली, नाव बदललं,
जुन्या पत्त्यावर आता एक पानसुद्धा नाही.
फक्त एक ओळ: इथे नाही, तिकडे जा. कायमचं.

नवा मालक विचारतो,
रिकाम्या घराला कुलूप कशाला?
ती म्हणते, आधी हातात हात द्यावा लागतो,
मगच सांगता येतं
की आम्ही इथे राहत नाही.

ऑक्टोबरात एकदा विसरली.
बेटावरच्या एंडेलच्या पडद्यावर लाल इशारा:
हे ठिकाण सुरक्षित नाही.

त्याने फोन केला. मोजे नको होते त्याला.
म्हणाला,
तुम्ही सगळे ठीक आहात ना?