दोन रकाने

खिडकीपलीकडची पोरगी फॉर्म परत सरकवते.
“आजी, चुकून दोनदा लिहिलंय.
नाव, थर्झा. जन्मस्थळ, थर्झा.”
चुकलेलं नाही, मी म्हणते.

गाव म्हणणं तसं जास्तच होईल.
रुळांना फुटलेला फाटा,
गव्हाची पोती रचायचा ओटा,
गंजकी टाकी,
आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक पाटी.
बाबा तिथे गँगमन.
सुईण दुसऱ्या दिवशीच्या मालगाडीने यायची होती.
मी थांबले नाही.
मुलगाच होणार म्हणून त्यांनी एकच नाव योजलेलं, ओट्टो.
ते दार उघडून बाहेर बघत उभे राहिले.
समोर वाचण्यासारखं तेवढंच होतं.

पाटीवरची थर्झा सर्व्हेअरची.
वाळवंटाकडे रूळ नेताना
दर सात मैलांना एक नाव लागायचं.
बायकोचं दिलं, मेहुण्यांची दिली,
एक तर म्हणे घोड्याचं दिलं.
मग शेंडेफळाची पाळी आली.
ती दूर ॲडलेडला, समुद्राकाठी,
चार वर्षांची, डांग्या खोकल्याने बेजार.
नकाशा छापून आला
तेव्हा खोकला थांबला होता.
तिने हा फाटा कधी पाहिला नाही.
मी तिला कधी पाहिलं नाही.
फक्त गाडी आली की गार्ड ओरडायचा
आणि मी धावत जायचे.

पाद्री सांगायचा, फार पूर्वी कनान देशात
याच नावाचं शहर होतं,
आणि एका बापाच्या पाच लेकींतली एकही.
आधी शहर की आधी लेक?
त्याने चष्मा पुसला. घंटा झाली.

वॉल्टर काका कुंपणाच्या कामाला यायचे.
ती माती त्यांच्या पणज्यांची;
आता तिथे रोजावर खांब पुरायचे.
एकदा तार ताणता ताणता म्हणाले,
“आमच्यात गेलेल्याचं नाव
वर्षानुवर्षं कुणी तोंडात घेत नाही.
तुम्ही पोर खांबाला टांगलीत
आणि रोज दोनदा हाक मारता.”
मी विचारलं, पाटीच्या आधी
या जागेला काय म्हणायचे?
त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.
“ते माझ्या मावशीचंही नाव होतं.
मावशी मागच्या हिवाळ्यात गेली.”
पकडीने तार पिळली.
नंतर कधी विचारायचं, ते मला कळलं नाही,
आणि मग तेही गेले.

रूळ उपटून नेले.
पाटी लिलावात गेली, साडेचारशे डॉलर,
घेणाऱ्याची नात थर्झा नव्हती;
त्याला रंग आवडला होता.
नव्या नकाशात तिथे नुसता पिवळा कागद आहे.

पोरगी पडद्यावर बोट फिरवते.
“यादीत नाही हो. जवळचं कुठलं टाकू?”
जवळचं काहीच नव्हतं, बाळा.
ती हसते, काहीतरी टाकते.

घटकाभराने दार उघडून नर्स ओरडते,
अगदी गार्डसारखी, शेवटचं अक्षर लांबवत,
थर्झाऽऽ!
मी लगेच उठत नाही.
आधी दुसरं कुणी उठतंय का, बघते.